सव्वाएकोणपन्नास इंच

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्यात होते. ब्रश माझ्याच हातात होता.

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. अमेरिकेत डुलुथमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी रंगाच्या काउंटरवर उभी असते, तेवीस वर्षं झाली. ओल, बुरशी, गंज, सिगारेटचे पिवळे डाग, सगळ्यावर माझ्याकडे डबा असतो. भिंतीतून काही वर येत असेल तर त्याला कारण असतं, हे मी रोज दहा जणांना सांगते.

सांगत होते.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. जे झालं ते बहुतेक दुपारी तीन ते साडेतीनच्या मध्ये झालं. शाळेची बस यायच्या जरा आधी.

सुरुवातीचा दिवस पक्का आठवतो. शनिवार, १६ एप्रिल २०१६. टेकडीवर अजून कडेकडेला मळका बर्फ होता. मी आणि माझी धाकटी बहीण डार्ला, माझा ट्रक घेऊन जुन्या घरांचं सामान विकणाऱ्या एका गोदामात गेलो होतो. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, झुंबरं, सगळं तिथे स्वस्तात मिळतं.

डार्लाचा नुकताच घटस्फोट झाला होता. मुलगी ब्रिट, आठ वर्षांची, कुणाकडे राहणार हे अजून ठरायचं होतं. तोवर ती आईकडे होती आणि एक आड एक शनिवार-रविवार बापाकडे. पुढच्या जानेवारीत कोर्टाकडून एक बाई येऊन दोन्ही घरं बघणार होत्या आणि मग न्यायाधीश निकाल देणार होते.

बाप, म्हणजे केंट, याने गावाबाहेर नवंकोरं घर घेतलं होतं. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. पण पोरीला काय कळतं? पहिल्या रविवारी परत आली ती हेच सांगत, "मम्मी, डॅडीकडे एका बाथरूममध्ये दोन बेसिन आहेत! आपलं घर असं जुनं का दिसतं?"

डार्ला शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. तिचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन, आणि छताला डोकं लागेल असं वाटावं इतकं बुटकं. त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"लोइस," ती म्हणाली, "मला हे घर श्रीमंत दिसायला हवंय. माझ्याकडे पैसे नाहीत. तुझ्याकडे रंग आहे."

मग आम्ही कामाला लागलो. पडदे खिडकीवर न लावता थेट छताला भिडवून लावले, खोली एकदम उंच वाटायला लागली. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या प्लास्टिकच्या मुठी काढून पितळी दिसणाऱ्या लावल्या. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात तसं, पण दिसायला झकास. रद्दीतल्या जुन्या पुस्तकातली पानाफुलांची चित्रं कापून चौकटींत बसवली. पुढच्या खोलीची एक भिंत गडद निळी केली.

एकच गोष्ट खटकत होती. पुढची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये नुसतं भगदाड होतं. तिथे एक रुंद, नक्षीदार लाकडी चौकट आली की घराचं रूपच पालटलं असतं. ती त्या गोदामात मिळाली. ओकची, भक्कम, कोपऱ्यात कोरलेली फुलं.

गोदामाचा म्हातारा, ऑर्विल, ट्रकमध्ये ती चढवताना म्हणाला, "आतल्या बाजूला खुणा आहेत बरं का. लोक तशाच ठेवतात."

"कसल्या खुणा?" डार्लाने विचारलं.

"पोराला टेकवून उभं करतात, डोक्यावर पुस्तक ठेवतात आणि रेघ मारतात ना, तसल्या. घर विकताना माणसं सोफा सोडून जातात, पण ही फळी कापून बरोबर नेतात. माझ्या तीस वर्षांत अशी मागे राहिलेली ही पहिलीच."

"असू देत हो," मी म्हटलं. "रंगाखाली सगळं जातं."

हे मी म्हटलं. मीच.

घरी आणून जुना रंग खरवडला तेव्हा खुणा दिसल्या. पेन्सिलीच्या आठ रेघा. प्रत्येकीशेजारी तारीख आणि एकच नाव, एल्सी. पहिली तारीख १९३१ची. सगळ्यात वरची रेघ माझ्या छातीपाशी. तिच्यावर काहीच नव्हतं. कोरी फळी.

डार्लाने त्या वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथेच थांबलीय."

"मोठी झाली असेल. मोठी पोरं लाजतात."

"आठ वर्षांची?"

पॉलिशपेपर घेतला आणि खसाखसा घासायला लागले. रेघा गेल्या. वर डाग दाबणारा प्रायमर, त्यावर पांढऱ्याचे दोन हात. चौकट उभी राहिली आणि खरं सांगते, ते घर मासिकातल्यासारखं दिसायला लागलं. ब्रिट शाळेच्या मैत्रिणींना घेऊन आली. "आमचं घर बघा," म्हणाली. डार्ला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती.

तीन आठवडे छान गेले.

मेमधली एक दुपार. मी पडद्याचा दांडा घट्ट करायला गेले होते. डार्ला तळघरात कपडे धूत होती. ब्रिटची बस यायला वीस मिनिटं होती.

आणि मला आवाज आला…

टक. टक.

लाकडावर टाचा टेकवल्याचा. पाठ सरळ करून, टाचा मागे लावून कुणी उभं राहावं तसा. मग शांतता. मग हळूच काहीतरी घासल्याचा आवाज.

मी शिडीवरूनच ओरडले, "ब्रिट? लवकर सुटलात का गं?"

कुणी नव्हतं.

उन्हाळा आलाय, लाकूड फुगतंय, असं मी स्वतःला सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकाला सांगते तसंच.

दुसऱ्या आठवड्यात डार्लाचा फोन. "तुझा प्रायमर बोगस निघाला. डाग वर आलाय."

मी जाऊन बघितलं. आठही रेघा नव्हत्या. एकच होती. वरची. पांढऱ्यातून फिकट राखाडी दिसत होती. मी टेप लावली. सव्वाएकोणपन्नास इंच.

पुन्हा घासलं. पुन्हा प्रायमर, या वेळी सगळ्यात महागातला. चार दिवसांत रेघ परत आली.

बोट फिरवलं तर…

बोटाला शिसं लागलं.

रेघ खालून वर आलेली नव्हती. रंगावर काढलेली होती. ताजी.

डार्लाने ब्रिटला विचारलं. रागावून नाही, पण विचारलं. ब्रिटचा चेहरा इतका खरा होता की मलाच लाज वाटली. ती म्हणाली, "माझ्याकडे पेन्सिलच नाहीये मम्मी. तू घेतेस ना सगळ्या?"

डार्लाने घेतल्या नव्हत्या. दप्तरातली, फोनजवळची, किराण्याच्या यादीची. त्या घरात पेन्सिल टिकत नव्हती. मी माझी कामाची चपटी पेन्सिल मुद्दाम टेबलावर ठेवली. साडेतीनला बघितलं तर टेबल रिकामं होतं.

त्यानंतर रोज पुसायचं आणि रोज ती रेघ. जूनमध्ये आम्ही पुसणंच सोडलं. तेव्हा कळलं की ती जाड होत चाललीय. कुणीतरी रोज उभं राहत होतं, रोज मोजत होतं, आणि रोज तेवढंच भरत होतं.

मला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मी त्या पोरीची आठच्या आठ वर्षं पॉलिशपेपरने घासून टाकली होती. तिच्याकडे उरली होती ती फक्त शेवटची उंची.

हे मी डार्लाला बोलले तर ती चिडली. "तू आता तिचीच बाजू घे! माझ्या घरात माझी पोर आहे, लोइस. मला तिचं बघू दे."

ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ब्रिटची वार्षिक तपासणी झाली. नर्सने उंची घेतली. डार्लाने दवाखान्याच्या पार्किंगमधून मला फोन केला.

"किती?" मी विचारलं.

"सव्वाएकोणपन्नास."

"योगायोग असेल. आठ वर्षांची पोरं तेवढीच असतात."

"हो. असेल."

सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. गेल्या वर्षीची थंडीची पँट ब्रिटला बरोबर आली, बूट बरोबर आले. कुठल्याही आईला आनंद झाला असता. डार्ला ते बूट हातात घेऊन जिन्यावर बसून राहिली होती. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. तेवढीच. रक्त तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला. सगळं ठणठणीत. "कधीकधी मुलं थांबतात," डॉक्टर म्हणाले. "मग एकदम वाढतात."

त्याच आठवड्यात, रविवारी ब्रिट बापाकडे असताना आम्ही पहारीने चौकट उचकटली. माझ्या अंगणात नेऊन कापली आणि जाळली. ओल्या ओकसारखी धुमसत राहिली, संध्याकाळपर्यंत. डार्ला कोट घालून बघत होती. मी तिथे नवीन पाइनची साधी चौकट ठोकली. पांढरा रंग. तितकीच सुंदर दिसली. तुम्हाला सांगते, लोक उगाच ओकवर पैसे घालवतात.

पाच दिवस काही नाही.

सहाव्या दिवशी, तीन वाजून दहा मिनिटांनी…

टक. टक.

नव्या लाकडावर रेघ आली. सव्वाएकोणपन्नास. आधी एल्सी निदान त्या फळीत होती. फळी आम्ही जाळली. आता ती कुठे जाणार? ती घरात राहिली.

"आपण वेड्या झालोय का?" डार्लाने मला विचारलं.

"दोघी एकदम एकाच मापाने?" मी म्हटलं. ती हसली. त्या हिवाळ्यात ती तेवढीच हसली.

नाताळात केंट ब्रिटला आपल्या आईकडे ॲरिझोनाला घेऊन गेला, सोळा दिवस. परत आली तेव्हा मी आणि डार्ला विमानतळावर होतो. पोर धावत आली आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या पँटमधून घोटे दिसतायत. गाडीत बसायच्या आधी, तिथेच पार्किंगच्या खांबाला तिला टेकवून मी टेप लावली. माझ्या पर्समध्ये टेप असतेच.

पन्नास इंच.

"मावशी, मी वाढले?" ती उड्या मारायला लागली.

"वाढलीस गं बाई. ताडमाड झालीस."

डार्लाने तिला इतकं घट्ट धरलं की ब्रिट ओरडली. त्या रात्री आम्ही सफरचंदाच्या सायडरची बाटली उघडली. डॉक्टरांचं खरं निघालं, असं म्हणालो.

आठ दिवसांनी, दुपारी चार वाजता डार्ला दुकानात आली. शाळेचा ॲप्रन तसाच. माझ्या काउंटरपुढे रांग होती. ती रांगेत उभी राहिली. आपली पाळी येईपर्यंत थांबली.

"पँट परत बरोबर यायला लागली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी मोजलं, लोइस. तीनदा मोजलं."

मागचा माणूस रंगाचा डबा घेऊन उभा होता. मी त्याला काहीतरी उलटसुलट बिल दिलं.

दहा दिवसांनी कोर्टाच्या बाई आल्या. मी मुद्दाम हजर होते. डार्लाने रानतांदळाचं सूप केलं होतं, घरभर वास होता. बाई खोल्या बघत फिरल्या. पडद्यांना हात लावला. निळ्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या.

"हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?"

"बहिणीने आणि मी," डार्ला म्हणाली.

"फार सुंदर आहे. खरंच. मुलीसाठी केलंय ते दिसतं." बाईंनी आवाज खाली आणला. "मी हे बोलू नये, पण ब्रिटने मला सांगितलं तिला कुठे राहायचंय ते. इथे. काळजी करू नका."

वर्षभर डार्ला याच एका वाक्यासाठी राबली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा भिंतीसारखा झाला होता.

"तिला तिच्या वडिलांकडे राहू दे," ती म्हणाली.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पण मुलगी म्हणते…"

"मुलगी काय म्हणते ते मला माहीत आहे. तिला केंटकडे राहू दे. रात्रीसुद्धा इथे नको. मी तिला बाहेर भेटेन."

"काही कारण?"

डार्लाने त्या चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. "मला नाही जमणार," म्हणाली.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दार बंद होईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला होता. त्या गेल्यावर मी डार्लाला बरंच बोलले. घर सोड म्हटलं, भाड्याने दुसरं घे, माझ्याकडे ये, दोघी या.

"आणि हे घर?"

"विक! या घडीला लोक उड्या मारतील."

"कोण उड्या मारतील, लोइस? लहान पोरं असलेलेच ना? शाळा जवळ, अंगण मोठं." ती सुपाच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. "आपणच ते इतकं छान केलंय की ते काहीही विचारणार नाहीत."

"मग रिकामं ठेव. कुलूप लाव आणि माझ्याकडे ये."

"हप्ता आणि भाडं दोन्ही मला परवडत नाही, तुझ्याकडे झोपायला एकच खोली आहे. आणि हप्ता थकला की बँक काय करेल? तीच विकेल. मी इथे आहे तोवर इथे दुसरी कुणाची पोर येणार नाही."

याचं उत्तर मी तीन वर्षं शोधतेय.

घरं विकणारे एजंट तिच्या दारात चिठ्ठ्या टाकून जातात. एकदा माझ्यासमोर एक तरुण जोडपं गाडी थांबवून आलं. मागच्या सीटवर बाळ होतं. त्या मुलीने काचेतून आत बघितलं आणि म्हणाली, "अय्या, काय सुंदर आहे! विकणार का?" डार्लाने त्यांना सांगितलं की तळघरात पाणी भरतं, भिंतींत बुरशी आहे. खोटं. तिचं तळघर कोरडं ठणठणीत आहे. मीही मान हलवली.

मी तिच्याकडे अजून जाते, पण अडीचच्या आत निघते. मी गाडीत बसले की ती आत जाते आणि दार लावून घेते. तीन वाजता ती काय करते ते मी विचारलेलं नाही. एकदा मात्र तिच्या किराण्याच्या पिशवीत मी पेन्सिलींचं पाकीट बघितलं. कोरं, बारा पेन्सिलींचं.

ब्रिट आता अकराची आहे. माझ्या खांद्याला लागते. बापाकडे गेली त्या वसंतात तीन इंच वाढली, डॉक्टर म्हणाले बघा, मी म्हणालो नव्हतो का. एक आड एक शनिवारी मी तिला आणते आणि त्या दोघी पॅनकेकच्या दुकानात भेटतात. दोन तास. डार्ला सारखी तिच्याकडे बघत असते, डोक्यापासून पायापर्यंत, आणि ब्रिटला ते आवडत नाही. ती फोनमध्ये डोकं घालून बसते. आधी ती विचारायची, मम्मी मी घरी कधी येऊ? आता विचारत नाही.

गेल्या शनिवारी मी तिला केंटकडे सोडायला निघाले होते. रस्ता टेकडीवरून जातो. डार्लाच्या गल्लीवरून गाडी गेली. उंच पडदे, निळी भिंत, दिवे लागलेले. रस्त्यावरून बघितलं तर कुणालाही हेवा वाटावा.

ब्रिट काचेला कपाळ टेकवून बघत होती.

"लोइस मावशी," ती म्हणाली, "मी लहान असताना बोलले होते ना, आपलं घर जुनं दिसतं म्हणून. त्याचा राग आला का तिला?"

"नाही गं."

"मग तिला ते घर माझ्यापेक्षा जास्त का आवडतं?"

मी तोंड उघडलं. आणि मग काय सांगणार होते? तिथे अजून कुणीतरी आठ वर्षांचं आहे? हे सांगितलं असतं तर ती उद्याच बघायला गेली असती. मी तिला ओळखते. आईवर गेलीय.

"पट्टा लाव," मी म्हटलं.

"लावलाय," ती म्हणाली.